आर्सचे संत जॉन मेरी व्हियानी : ज्यांनी गावाला रविवार परत मिळवून दिला

दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करते. धर्मग्रामाची सेवा करणाऱ्या सर्व धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत होत. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांत फादरांना फुले दिली जातात, मुले शुभेच्छागीत म्हणतात आणि मिस्साबलीतील प्रवचनात संतांच्या जीवनातील ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात : लॅटिन भाषेने केलेली त्यांची दमछाक, उकडलेल्या बटाट्यांवर काढलेले दिवस आणि पापनिवेदन कक्षात घालवलेले दीर्घ तास. या गोष्टी खऱ्या आहेत आणि पुन्हा पुन्हा सांगाव्यात अशाच आहेत. परंतु त्यांच्या जीवनकार्याचा एक भाग आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. तो म्हणजे रविवारसाठी त्यांनी दिलेला लढा.

हा विषय आज घेण्यास कारण आहे. दहा आज्ञांत शब्बाथ पवित्र पाळण्याची आज्ञा आहे, मग आपण शनिवार सोडून रविवार का पाळतो? रविवारी काम करणे हे पाप आहे का? शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला उपस्थित राहिले म्हणजे रविवारचे कर्तव्य संपले, असे समजावे का? हे प्रश्न श्रद्धावंत आम्हांला वारंवार विचारतात आणि त्यांतील बहुतेक जण ते मनापासून विचारतात. सेमिनरीत शिकलेले उत्तर देणे आम्हांला अवघड नाही. तथापि त्या उत्तराने विचारणाऱ्याचे पूर्ण समाधान झाल्याचे क्वचितच दिसते. म्हणून आज आपण ज्या माणसाने या प्रश्नाशी एका लहानशा खेड्यात एक्केचाळीस वर्षे झुंज दिली, त्याच्या जीवनाकडे पाहू या.

रविवार नसलेले बालपण

जॉन मेरी व्हियानी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळच्या दार्दीयी या गावी झाला. वडील मॅथ्यू आणि आई मेरी हे शेतकरी दांपत्य होते. सहा भावंडांत जॉन चौथे. घरी शेती होती, मेंढ्या होत्या आणि दारी आलेल्या भिकाऱ्याला जेवू घालण्याची रीत होती. आईने मुलाला बोलायला शिकवता शिकवता प्रार्थना करायला शिकवले.

मूल तीन वर्षांचे असताना, १७८९ साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. पुढील वर्षी धर्मगुरूंना शासनाशी बांधून घेणारा कायदा आला आणि ज्यांनी त्याची शपथ नाकारली त्यांना लपून राहावे लागले. १७९३ साली तर क्रांतिकारक शासनाने दिनदर्शिकाच बदलली. सात दिवसांचा आठवडा रद्द झाला आणि त्याच्या जागी दहा दिवसांचा नवा गट आला. विश्रांतीचा दिवस दहावा. वर्षाचे बावन्न रविवार गेले आणि त्यांच्या जागी छत्तीस सुट्ट्या आल्या. या बदलामागे गणिताची सोय होती, तसाच एक उघड हेतूही होता. लोकांच्या आयुष्यातून रविवार नाहीसा झाला की त्या दिवशीची उपासनाही नाहीशी होईल, असा तो हिशेब होता. १७९८ साली दहाव्या दिवसाची विश्रांती सक्तीची करण्यात आली.

व्हियानी कुटुंबाने काय केले? ते रविवार मोजत राहिले. शपथ न घेतलेले धर्मगुरू जीव मुठीत धरून गावोगाव फिरत असत. कोणत्या रात्री, कोणाच्या घरी किंवा कोणाच्या गोठ्यात मिस्साबली होणार, याचा निरोप कानोकानी पोहोचे आणि हे शेतकरी अंधारातून वाट तुडवत तेथे जात. १७९९ साली जॉनला प्रथम पवित्र कम्युनियन मिळाले, तेही एक्युली गावातील एका खाजगी घरात. आतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. गाड्यांवर माणसे गवत उतरवण्याचे काम करीत होती आणि आत सोळा मुले प्रभूला स्वीकारत होती.

तेरा वर्षांच्या मुलाच्या मनावर या प्रसंगाचा काय ठसा उमटला असेल, याची आपण कल्पना करू शकतो. मिस्साबली ही जीव धोक्यात घालून मिळवण्याची गोष्ट आहे, हे ते मूल पुस्तकावाचून शिकले होते. पुढे नेपोलियनच्या राजवटीत १८०१ साली पोप सातवे पायस यांच्याशी करार झाला, चर्चची दारे उघडली आणि १ जानेवारी १८०६ पासून जुनी दिनदर्शिका परत आली. परंतु बारा-तेरा वर्षे ज्यांनी रविवार पाळला नव्हता, त्यांच्या अंगवळणी तो लगेच परत आला नाही.

गुरुदीक्षेची खडतर वाट

धर्मगुरू होण्याची इच्छा जॉनने व्यक्त केली तेव्हा त्याचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. वयाच्या विसाव्या वर्षी एक्युलीचे धर्मगुरू फादर बाले यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतले. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. त्यात १८०९ साली सैन्यभरतीचा हुकूम आला. आजारपणामुळे जॉन तुकडीच्या मागे पडला आणि अखेरीस डोंगरातील ले नोए नावाच्या वस्तीत नाव बदलून लपून राहिला. तेथे तो मुलांना शिकवीत असे. १८१० साली सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि त्यानंतर तो घरी परतला. त्याच्या बदली त्याचा धाकटा भाऊ सैन्यात गेला होता. तो भाऊ पुन्हा कधी घरी आला नाही.

लिऑनच्या सेमिनरीत लॅटिनमुळे जॉनची पुन्हा पीछेहाट झाली. फादर बाले यांनी हार मानली नाही. या तरुणाची विद्वत्ता तोकडी असली तरी भक्ती खरी आहे, हे त्यांनी वरिष्ठांना पटवून दिले. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे जॉन मेरी व्हियानी यांना गुरुदीक्षा मिळाली. दोन वर्षे त्यांनी एक्युलीत फादर बाले यांचे सहायक म्हणून काम केले. गुरूच्या निधनानंतर, फेब्रुवारी १८१८ मध्ये, त्यांची नेमणूक आर्स या खेड्यात झाली.

आर्स : चर्च होते, रविवार नव्हता

आर्स हे लिऑनच्या उत्तरेकडील सुमारे २३० लोकवस्तीचे गाव होते. ते तेव्हा स्वतंत्र धर्मग्रामही नव्हते. धुक्यात वाट न सापडल्यामुळे व्हियानींना एका गुराखी मुलाने गावाचा रस्ता दाखवला. त्या भेटीचे स्मारक आजही तेथे उभे आहे.

आर्सचे लोक दुष्ट होते असे नाही. ते धर्माचे शत्रूही नव्हते. सण आला की चर्चमध्ये येत, मुलांचा बाप्तिस्मा करीत, प्रेतांना ख्रिस्ती माती देत. मात्र रविवारी सकाळी गवत वाळलेले असले तर ते गाडीत भरणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. दुपारी पुरुष दारूच्या गुत्त्यांत बसत. एवढ्याशा गावात असे चार गुत्ते होते. संध्याकाळी तरुणाई मैदानात नाचत असे आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट चाले. बायका घरी वाट पाहत आणि आठवड्याच्या मजुरीतील मोठा भाग रविवारी रात्री संपलेला असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या वेळी फ्रान्समध्ये रविवार पाळण्याचा कायदा अस्तित्वात होता. राजेशाही परत आल्यावर १८ नोव्हेंबर १८१४ रोजी रविवारी उघड काम व व्यापार करण्यास बंदी घालण्यात आली होती आणि तो कायदा १८८० पर्यंत पुस्तकात राहिला. तरीही आर्सच्या शेतांत रविवारी विळे चालतच होते. क्रांतीच्या शासनाने हुकूम काढून रविवार पुसायचा प्रयत्न केला, तेव्हा दार्दीयीच्या शेतकऱ्यांनी तो मनात जपला. राजाच्या शासनाने हुकूम काढून तो परत आणला, तेव्हा आर्सच्या शेतकऱ्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. व्हियानींनी या दोन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

लढा

नव्या धर्मगुरूंनी सुरुवात प्रवचनांनी केली. ती ते रात्र रात्र जागून लिहीत, पाठ करीत आणि तरीही पुलपिटावर उभे राहिल्यावर मध्येच विसरत. त्यांतील भाषा कठोर होती. रविवारी केलेले काम माणसाला श्रीमंत करीत नाही, त्या कमाईला बरकत नसते, हा विचार ते वारंवार मांडत. गुत्त्यांच्या मालकांविषयी तर त्यांनी फारच तिखट शब्द वापरले.

परंतु ते केवळ बोलून थांबले नाहीत. सुगीच्या दिवसांत ते रविवारी गावाबाहेर फेरफटका मारीत. एकदा एक शेतकरी गाडीत पीक भरून घरी नेत असताना त्यांना समोरून दिसला. धर्मगुरूंना पाहताच तो गाडीआड लपला. व्हियानी जवळ गेले आणि दुःखी स्वरात त्यांनी त्याला एवढेच जाणवून दिले की, माझ्यापासून लपता येईल, देवापासून कसे लपशील? रागावण्यापेक्षा त्यांना वाईट वाटले होते आणि हे त्या शेतकऱ्याला समजले, असे चरित्रकार सांगतात.

नाचाच्या दिवशी गावात येणाऱ्या एका वादकाला त्यांनी वाटेत गाठले, त्याला त्या दिवशी मिळणाऱ्या रकमेहून अधिक पैसे दिले आणि परत पाठवले. एका गुत्तेवाल्याला धंदा बंद करण्यासाठी त्यांनी आर्थिक मदत केली. गुत्ता बंद केला तर खाणार काय, हा त्या माणसाचा प्रश्न त्यांना रास्त वाटला होता. म्हणून त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले. हळूहळू चारही गुत्ते बंद पडले.

विरोधही झाला. त्यांच्याविरुद्ध निनावी पत्रे आली, चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले. शेजारच्या धर्मग्रामांतील काही धर्मगुरूंनी त्यांच्या अज्ञानाविषयी महागुरूंकडे तक्रारअर्ज तयार केला. तो कागद फिरत फिरत चुकून व्हियानींच्याच हाती आला, तेव्हा त्यांनी त्याखाली आपली सही करून तो पुढे पाठवून दिला.

रिकामा दिवस आणि भरलेला दिवस

आमच्या मते त्यांच्या लढ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग येथे सुरू होतो. शेत, गुत्ता आणि नाच हे तिन्ही बंद झाल्यावर आर्सच्या माणसाने रविवारी करायचे काय? माणसाच्या हातातून विळा काढून घेतला आणि पेला काढून घेतला, तर त्या रिकाम्या हातांना दुसरे काही द्यावे लागते. व्हियानींना हे पुरेपूर उमगले होते.

म्हणून त्यांनी प्रथम चर्चकडे लक्ष दिले. स्वतःच्या खोलीतील चांगले सामान त्यांनी परत पाठवले. मात्र वेदीसाठी आणि पूजावस्त्रांसाठी ते लिऑनच्या दुकानांतून उत्तमातील उत्तम वस्तू शोधून आणत. चर्चचा मनोरा नव्याने बांधला गेला, बाजूला पवित्र मरियेचे आणि संत योहान बाप्तिस्ता यांचे उपासनामंदिर उभे राहिले. आठवडाभर चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्याला रविवारी काहीतरी सुंदर दिसले पाहिजे, ही त्यांची धारणा होती.

मग त्यांनी दिवस भरला. सकाळी मिस्साबली, दुपारी धर्मशिक्षण, त्यानंतर सांजप्रार्थना, संध्याकाळी पुन्हा रोझरी आणि साधे प्रवचन. मधल्या वेळात लोक आपापल्या घरी कुटुंबासह जेवत. लहान मुलांना ते स्वतः शिकवत आणि मुलांच्या मागोमाग मोठी माणसेही येऊन बसू लागली. वेळी-अवेळी चर्चमध्ये कोणी डोकावले तर तेथे धर्मगुरू गुडघे टेकून बसलेले असत. हे दृश्य गावाने रोज पाहिले.

१८२४ साली त्यांनी गावात मुलींसाठी ला प्रोव्हिदाँस नावाची विनामूल्य शाळा सुरू केली. लवकरच ती अनाथ मुलींचे घर बनली. देवाचा दिवस पवित्र पाळणे आणि देवाच्या लेकरांना भाकर देणे ही त्यांच्या लेखी वेगवेगळी कामे नव्हती.

बदल एका वर्षात घडला नाही. त्याला बरीच वर्षे लागली. पण हळूहळू पाहुण्यांच्या लक्षात येऊ लागले की आर्समध्ये रविवारी शेते शांत असतात आणि चर्च भरलेले असते.

शब्बाथ आणि प्रभूचा दिवस

येथे थोडे थांबून, आर्सच्या लोकांनी जो दिवस पाळला तो शब्बाथ होता का, हे पाहिले पाहिजे.

जुन्या करारात शब्बाथची आज्ञा दोन ठिकाणी आणि दोन कारणांसह येते. निर्गमच्या पुस्तकात ती निर्मितीशी जोडलेली आहे : देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून माणसानेही घ्यावा. अनुवादाच्या पुस्तकात ती मिसरातील गुलामगिरीशी जोडलेली आहे : तुम्ही दास होता, देवाने तुम्हांला सोडवले, म्हणून आता तुमच्या दासालाही, दासीलाही, बैलालाही आणि परदेशी माणसालाही विश्रांती मिळू द्या. प्रभू येशू शब्बाथ पाळीत असे, सभास्थानात जात असे आणि त्याच दिवशी रोग्यांना बरे करीत असे. माणसासाठी असलेला दिवस माणसावरचे ओझे बनू नये, हे त्याने कृतीने दाखवले.

प्रभूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले. त्या दिवशी भाकर मोडण्यासाठी शिष्य एकत्र जमत असत, असे प्रेषितांच्या कृत्यांत दिसते. सन १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले, त्यात आजच्या मिस्साबलीचा आराखडा ओळखू येतो. सन ३०४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील अबितिना येथील ४९ ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी रविवारच्या सभेसाठी प्राण दिले. तेव्हा रविवारी सुट्टी नव्हती. रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून कॉन्स्टंटाईन सम्राटाने ३२१ साली जाहीर केला. म्हणजे ख्रिस्ती माणसाने आधी रविवारची उपासना जपली, विश्रांती त्याला पुष्कळ उशिरा मिळाली.

तेव्हा रविवार हा केवळ एक दिवस पुढे सरकवलेला शब्बाथ नव्हे. शब्बाथमधील विसावा, मुक्तीची आठवण आणि दुबळ्यांविषयीची कणव त्याने आपल्यात सामावून घेतली आणि तिला पुनरुत्थानाचा अर्थ दिला. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली प्रभूच्या दिवसाविषयी लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात हाच विचार विस्ताराने मांडला आहे.

शनिवार पाळणाऱ्यांविषयी आपण आदरानेच बोलावे. सातव्या दिवसाचे ॲडव्हेंटिस्ट बांधव आपल्या परीने देवाच्या आज्ञेशी प्रामाणिक राहू पाहतात. आपल्या कोकणकिनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाने तर शतकानुशतके, धर्मग्रंथ व मंदिर यांपासून दूर असतानाही, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला आणि म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. एका दिवसाच्या पालनाने त्या समाजाची ओळख टिकून राहिली. रविवारविषयी आपली ओळख अशी कोणाला पटेल का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

कठोरता आणि दया

संतांचे जीवन सांगताना त्यांच्या मर्यादा झाकू नयेत. तरुण व्हियानी फार कठोर होते. त्यांच्या काळातील फ्रेंच धर्मशिक्षणावर कडक नीतिमत्तेचा पगडा होता. नाच सोडण्याचे वचन न देणाऱ्यांना ते दीर्घकाळ पापक्षमा नाकारीत. आज असे वागणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्यांनाही पुढे तसे वाटले असावे. संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या सौम्य नीतिशास्त्राचा परिचय झाल्यावर आणि त्याहूनही अधिक, हजारो माणसांची दुःखे ऐकल्यावर, ते मवाळ झाले. माणसांना लहान प्रायश्चित्त द्यायचे आणि उरलेले आपण स्वतः करायचे, हा त्यांचा परिपाठ बनला.

एक प्रसंग येथे नोंदवावासा वाटतो. जुलैमधील एका रविवारी पीक शेतात पडून होते आणि आभाळ भरून आले होते. लोकांची चुळबुळ पाहून व्हियानींनी प्रवचनात त्यांना धीर दिला की पीक घरी नेण्यास पुरेसे चांगले दिवस मिळतील. वादळ टळले आणि पुढील दिवस कोरडे गेले, असे चरित्रकार लिहितात. आम्ही या घटनेवर शंका घेत नाही. परंतु ऑक्टोबरमध्ये कापलेले भात शेतात असताना अवकाळी पाऊस येतो, तेव्हा आपल्या शेतकऱ्याला असे आश्वासन देण्याचे धैर्य आमच्यात नाही आणि ख्रिस्तसभा तशी अपेक्षाही करीत नाही. मिस्साबलीला उपस्थित राहून त्याने आपले भात वाचवावे. कुटुंबाची निकड आणि समाजाची अत्यावश्यक सेवा ही रविवारच्या विश्रांतीतून सूट मिळण्याची योग्य कारणे आहेत, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो.

शेवटची वर्षे

१९ सप्टेंबर १८४६ रोजी आल्प्समधील ला सालेत येथे दोन मुलांना पवित्र मरियेने दर्शन दिले. तिच्या दुःखाच्या कारणांत रविवारचा अनादर हे एक होते. आर्सच्या धर्मगुरूंना हा संदेश मनापासून भावावा, यात नवल नव्हते. तथापि १८५० साली त्या मुलांपैकी मॅक्सिमिन त्यांना भेटला आणि त्या भेटीनंतर त्यांच्या मनात शंका निर्माण झाली. आपल्याच शिकवणुकीला पुष्टी देणारा संदेश असूनही त्यांनी घाईने त्याचा आधार घेतला नाही. अनेक वर्षे ते संभ्रमात राहिले आणि १८५८ साली त्यांची शंका फिटली. हा प्रामाणिकपणा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

तोवर आर्स हे तीर्थस्थान बनले होते. १८५५ च्या सुमारास वर्षाला सुमारे वीस हजार लोक पापनिवेदनासाठी येत. हिवाळ्यात दिवसाचे अकरा-बारा तास आणि उन्हाळ्यात सोळा तासांपर्यंत व्हियानी पापनिवेदन कक्षात बसत. ज्यांनी एका गावाला विसाव्याचा दिवस मिळवून दिला, त्यांना स्वतःला मात्र विसावा मिळाला नाही. एकांतात जाऊन प्रार्थना करावी म्हणून त्यांनी एकाहून अधिक वेळा गाव सोडण्याचा प्रयत्न केला. शेवटचा १८५३ सालचा. प्रत्येक वेळी ते परतले. धर्मगुरूंच्या विश्रांतीचा विचार श्रद्धावंतांनी आणि धर्मगुरूंनी स्वतःही करावा, असे आम्हांला या ठिकाणी नम्रपणे सुचवावेसे वाटते.

४ ऑगस्ट १८५९ रोजी पहाटे दोनच्या सुमारास वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. पोप अकरावे पायस यांनी ३१ मे १९२५ रोजी त्यांना संतपद बहाल केले आणि १९२९ साली धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्यांच्या निधनाच्या दीडशेव्या वर्षी, २००९ मध्ये, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी धर्मगुरुवर्षाचा प्रारंभ केला.

आपला रविवार

आता आपल्याकडे वळू या. आर्सच्या शेतकऱ्याला निदान निवड होती. रविवारी गवत भरायचे की नाही, हे तो स्वतः ठरवू शकत होता. आज रविवारी पहाटेची लोकल पकडणारी परिचारिका, मॉलमध्ये उभा राहणारा तरुण, पहाऱ्यावरचा रखवालदार आणि बसचालक यांना ती निवड नसते. त्यांना दोष देणारे प्रवचन करणे म्हणजे दासाला सोडून देण्याऐवजी दासालाच धारेवर धरणे होय. आम्ही धर्मगुरू कधीकधी अशी चूक करतो. शिवाय रविवारी जे चर्चमध्ये आलेले नसतात त्यांच्यावरचा राग, जे आलेले असतात त्यांच्यावर काढतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी कशी मिळाली, हे आपण विसरू नये. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला आणि जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी आपल्या सामाजिक विश्वपत्रात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीची बाजू घेतली. दोघांचे मार्ग निराळे होते. परंतु राबणाऱ्या माणसाला एक दिवस स्वतःचा असावा, ही अनुवादाच्या पुस्तकातील कळकळ दोन्हीकडे दिसते.

१९८३ सालची धर्मनियमसंहिता रविवारविषयी दोन गोष्टी सांगते : मिस्साबलीत सहभागी व्हा आणि उपासनेला, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाला व शरीरमनाच्या विश्रांतीला बाधा आणणारी कामे टाळा. शनिवारी संध्याकाळची मिस्साबली हे कर्तव्य पूर्ण करते, परंतु उरलेला रविवार आपल्या मर्जीचा करीत नाही. ज्यांना नोकरीमुळे रविवारी काम करावेच लागते, त्यांनी मनाला टोचणी लावून घेऊ नये. शनिवारची मिस्साबली साधावी आणि आठवड्यातील दुसरे काही तास देवासाठी व घरच्यांसाठी राखून ठेवावेत.

पण ज्यांच्या हातात निवड आहे त्यांचे काय? आमचा रोख विशेषतः त्यांच्याकडे आहे. ज्यांची दुकाने आहेत, कार्यालये आहेत, ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी आपल्यामुळे कोणाचा रविवार हिरावला जातो हे एकदा तपासावे. आपण मिस्साला जाताना कामवाल्या बाईला दुप्पट कामे लावून जात असू, तर शब्बाथची आज्ञा आपण अर्धीच वाचली आहे. मुलांना रविवारी सकाळी शिकवणीला पाठवून धर्मशिक्षणाला सुट्टी देणाऱ्या पालकांनीही विचार करावा. दहावीच्या गुणपत्रिकेत रविवारसाठी रकाना नसतो, हे आम्हांला ठाऊक आहे.

धर्मग्रामांनीही आपली झडती घ्यावी. मिस्साबली आटोपली की पंधरा मिनिटांत आवार रिकामे होते. आजारी माणसांना भेट, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसोबत एक जेवण, तरुणांसाठी संगीत आणि खेळ, मुलांना वेळ देणारे आईबाप : रविवार भरण्यास इतके पुष्कळ आहे. आर्सच्या धर्मगुरूंनी गुत्ते बंद केले, हे आपण लक्षात ठेवतो. त्यांनी त्या संध्याकाळी दुसऱ्या कशाने तरी भरल्या, हे विसरतो.

गवताच्या गाडीआड लपून ज्या मुलाने पहिल्यांदा प्रभूला स्वीकारले, त्याने पुढे गवताच्या गाडीआड लपणाऱ्या शेतकऱ्याला शोधून काढले. आपल्यापुढे आज कोणी गाड्या आडव्या लावलेल्या नाहीत. चर्चची दारे उघडी आहेत, घंटा मोकळेपणाने वाजते आणि रविवार दिनदर्शिकेत आपल्या जागी आहे. येत्या रविवारी आपण तो कसा पाळणार, हे प्रत्येक कुटुंबाने जेवणाच्या टेबलाभोवती बसून एकदा ठरवावे. संत जॉन मेरी व्हियानी आपणां सर्वांसाठी आणि विशेषतः ज्यांना विसावा मिळत नाही अशा सर्वांसाठी प्रभूकडे विनंती करोत.